पहिला शब्द कोणी काढावा?

एस. टी. स्टँडावर कोणी धटिंगण एखाद्या परक्या बाईच्या अंगावर धावून जातो आणि भोवती पन्नास माणसे नुसती बघत उभी राहतात. ही पन्नासही माणसे निर्दय असतात काय? तसे नाही. मग त्यांचे पाय कां अडतात, हे समजून घेतले पाहिजे.

पहिली भीती. आपल्यालाच मार बसेल, पोलीस-कचेरीचे झेंगट मागे लागेल. दुसरी शंका. घरचेच भांडण असले तर मध्ये पडणारे आपण कोण? तिसरे कारण खुद्द गर्दी. ‘इतके जण आहेत, कोणीतरी जाईल,’ असे जो तो म्हणतो. शिवाय शेजारचा स्वस्थ दिसला, की प्रकरण एवढे मोठे नसावे असे मन धरून चालते. शेजारचाही आपल्याकडे पाहूनच स्वस्थ असतो!

१९६८ साली अमेरिकेत लाताने व डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी हे पारखून पाहिले. माणसाला खोलीत बसवून आत धूर सोडला. एकटे असलेल्यांपैकी शेकडा ७५ जणांनी उठून वर्दी दिली. सोबत दोघे मुद्दाम स्वस्थ बसवले, तेव्हा दहांतला एकच उठला.

तरी निराश होऊ नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲम्स्टरडॅम, केप टाऊन व लँकेस्टर येथील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रण तपासले. दहांतल्या नऊ भांडणांत कोणी ना कोणी मध्ये पडलेच; आणि माणसे जितकी जास्त, तितका कोणीतरी धावण्याचा संभव जास्त. म्हणजे गर्दीत दया असते. तिला पहिला आवाज लागतो.

वारकऱ्याला हे नवे नाही. दिंडीत शंभर टाळकरी असोत, एकाने अभंग उचलल्यावाचून धृपद कोण धरणार? पैठणच्या तापल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्यांचे मूल रडत होते, तेव्हा नाथांनी लोक काय म्हणतील याची वाट पाहिली नाही. मूल कडेवर घेतले आणि घरी पोचवले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतोच.

मग करावे काय? मारणाऱ्याच्या अंगावर एकट्याने जाऊ नये. जवळच्या एकाला बोट दाखवून म्हणावे, “अहो टोपीवाले माउली, या माझ्याबरोबर.” नेमके आपल्यालाच हाकारले, की माणसाला टाळता येत नाही. दुसऱ्याला ११२ वर फोन करायला सांगावे. जिच्यावर प्रसंग आला तिच्याशी आधी बोलावे, “ताई, आम्ही आहोत. इकडे या.” पुष्कळदा एवढ्यानेच हात खाली येतो.

आपण एकमेकांच्या पाया पडून ‘माउली’ म्हणतो. संकटातल्या परक्यालाही ती हाक पोचली पाहिजे.

रामकृष्ण हरि.