रक्ताधानोत्तर हिपॅटायटिस सी : प्रतिपिंड चाचणीचा योग्य काल

चिखली व भोवतालच्या खेड्यांतील रुग्णास रक्त चढवावे लागते ते बहुधा बुलढाणा, अकोला वा छत्रपती संभाजीनगर येथील रुग्णालयात. प्रसूतीतील रक्तस्राव, अपघात, शस्त्रकर्म ही त्याची नेहमीची कारणे. रुग्ण घरी परततो आणि पुढे अग्निमांद्य, अरुची, दौर्बल्य जाणवू लागले की आपल्याकडे येतो. अशा वेळी रक्ताधानाचा पूर्ववृत्तान्त विचारला न गेल्यास महत्त्वाचा दुवा निसटतो.

पार्श्वभूमी

हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. या कार्यासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात दात्याच्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी २००१-०२ च्या सुमारास अनिवार्य झाली. तत्पूर्वी रक्त घेतलेल्या प्रत्येक रुग्णाची, तक्रार नसली तरी, एकदा चाचणी करून घेणे इष्ट होय.

चाचणी काय सांगते?

‘अँटी एचसीव्ही’ ही एलायझा चाचणी विषाणू शोधीत नाही. शरीराने त्याविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधते. ती निर्माण होण्यास सर्वसाधारणपणे आठ ते अकरा आठवडे लागतात, क्वचित त्याहून अधिक. या मधल्या काळास ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात विषाणू रक्तात असतो, चाचणी मात्र निगेटिव्ह येते. विषाणूचा आरएनए शोधणारी पीसीआर चाचणी एक ते दोन आठवड्यांतच पॉझिटिव्ह होऊ शकते.

दात्याच्या बाबतीतही हीच अडचण उद्भवते. आरएनए शोधणारी ‘नॅट’ तपासणी सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही. मे २०२२ मध्ये नागपूर येथे थॅलसेमियाची चार मुले एचआयव्हीबाधित आढळल्याचे व त्यांपैकी एक दगावल्याचे उघडकीस आले. विषाणू वेगळा असला तरी तपासणीतील हीच उणीव त्या वेळी चर्चेत आली.

एक उदाहरण

समजा, प्रसूतीत रक्त घेतलेली स्त्री पाचव्या आठवड्यात अरुची घेऊन आली. नेत्र पीत नाहीत, परंतु एसजीपीटी वाढलेले आहे आणि अँटी एचसीव्ही निगेटिव्ह आहे. ‘रोग नाही’ असे सांगून तिला परत पाठविणे ही गंभीर चूक ठरेल. या अवस्थेत आरएनए चाचणी सुचवावी. ती निगेटिव्ह आली तरी प्रतिपिंड चाचणी चार ते सहा महिन्यांनी पुन्हा करावी. नवीन संसर्गात बहुसंख्य रुग्णांस कामला होतच नाही. म्हणून नेत्र, त्वचा व मूत्र यांच्या परीक्षणावर येथे विसंबून चालत नाही.

चिकित्सेच्या संदर्भात

पंधरा ते पंचेचाळीस टक्के रुग्णांत विषाणू सहा महिन्यांत उपचाराविना नाहीसा होतो. आरोग्यवर्धिनी वा फलत्रिकादि क्वाथ दिल्यावर अग्नी सुधारला, एसजीपीटी उतरले, एवढ्यावरून विषाणू गेला असे आपण म्हणू नये. ज्यांच्यात तो टिकतो त्यांच्यात वर्षानुवर्षे निमूटपणे यकृताची हानी होते आणि जलोदर झाल्यावरच कित्येकदा निदान होते. उलट, रोग गेल्यावरही प्रतिपिंडे दीर्घकाळ राहतात. म्हणून केवळ प्रतिपिंडे आढळली यावरून रोग चालू आहे असे ठरत नाही. निर्णय आरएनए चाचणीनेच करावा.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली याची औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. सामान्यतः बारा आठवड्यांच्या मुखावाटे घ्यावयाच्या औषधांनी सुमारे ९५ टक्के रुग्ण विषाणुमुक्त होतात. असा उपाय उपलब्ध असता रुग्णास आपल्याच औषधावर थांबवून ठेवणे वैद्यधर्मास धरून नाही. आहारविहार, मद्यवर्जन व बलरक्षण यांत आपले साहाय्य त्यास लाभावे.

सारांश

१. प्रत्येक यकृतरुग्णास रक्ताधान झाले काय व केव्हा, हे विचारून दिनांकासह नोंदवावे.

२. पहिल्या तीन महिन्यांतील निगेटिव्ह प्रतिपिंड अहवाल अंतिम मानू नये.

३. तीन ते सहा आठवड्यांत आरएनए व चार ते सहा महिन्यांनी प्रतिपिंड चाचणी करावी.

४. प्रतिपिंडे आढळल्यास आरएनए चाचणीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे.

५. सिरावेधात सुई एकदाच वापरावी. एका रुग्णास लावलेली जलौका दुसऱ्यास लावू नये.

रक्ताने रुग्णाचे प्राण वाचतात, म्हणून त्याचे भय पसरविणे योग्य नव्हे. परंतु रक्त घेऊन गावी परतलेल्या रुग्णाचा पुढील सहा महिन्यांचा मागोवा घेणारा बहुधा आपणांवाचून दुसरा कोणी नसतो, याची जाणीव आपण ठेवावयास हवी.