अधिभार भरला, तरी दवाखाना परका

इंग्लंडला नोकरीच्या व्हिसावर निघालेलं कुटुंब सहसा विमानात बसण्याआधीच आरोग्य अधिभार भरतं. मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, मुलामागे ७७६. तेही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकरकमी. एवढं भरूनही दवाखान्याची पायरी चढायला घाबरणारी माणसं दुभाष्याचं काम करताना मला सतत भेटतात.

सांगलीकडची एक तरुण आई त्यातलीच. बाळ तापलेलं, दूध घेईना, तरी ती घरातच. व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ची अट होती आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, सरकारी दवाखान्यात नाव घातलं की पुढचा व्हिसा अडतो. अखेर ती गेली, तर काउंटरवरच्या बाईंनी तिच्या नावाचं लाइट बिल मागितलं. घरातली सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर. ती मुकाट्याने परत आली.

इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्ती नाही. नोंदणी नाकारायची, तर दवाखान्याला १४ दिवसांत लेखी कारण द्यावं लागतं. “नकार लेखी द्या,” असं शांतपणे म्हणावं. त्या आईच्या दुसऱ्या खेपेला एवढ्यावरच फॉर्म पुढे आला.

‘नो पब्लिक फंड्स’ची अट १९९९च्या कायद्यातली. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, कौन्सिलचं घर हे तिच्यामुळे बंद होतं. एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा, सरकारी शाळा, नोकरीतून मिळणारा बाळंतपणाचा पगार, तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला १५ तासांचं मोफत पाळणाघर यांना ती लागू नाही.

फसगत होते ती चाइल्ड बेनिफिटमध्ये. बाळ झालं की फॉर्म भर, असं शेजारीण मायेने सांगते. तिला ते पैसे मिळतही असतात, कारण तिच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असतो. आपल्या व्हिसावर अट असताना ते घेतले, तर व्हिसाचा भंग होतो. शिवाय १९८३पासून तिथे जन्मलेलं बाळ आपोआप ब्रिटिश ठरत नाही. त्यासाठी आई किंवा वडील ब्रिटिश अथवा कायम वास्तव्याचे लागतात.

निर्वासितांचं दुखणं वेगळं. आश्रय मंजूर झाला की ही अट राहत नाही आणि भत्त्यांचा हक्क मिळतो, पण तेव्हाच आश्रयार्थी म्हणून मिळालेली खोली आणि खर्चाची रक्कम बंद होण्याची मुदतही सुरू होते. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता येतो साधारण पाच आठवड्यांनी. मंजुरी मिळालेली माणसं या फटीत बेघर होतात, याची मला चीड येते. मंजुरीचं पत्र हाती पडताच युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करावा, कौन्सिलला घराबद्दल कळवावं आणि आगाऊ रक्कम मागावी. ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते.

व्हिसाचा सल्ला मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागू नये. सल्लागाराचं नाव इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीच्या यादीत पाहावं, नाहीतर सॉलिसिटर गाठावा. दवाखान्याच्या फॉर्मवर भाषा ‘मराठी’ लिहावी. नुसतं ‘इंडियन’ लिहिलं की हिंदी किंवा गुजराती दुभाषी येऊ शकतो. दुभाष्याचे पैसे पडत नाहीत. आईचं बाळंतपणानंतरचं दुखणं सात वर्षांच्या लेकीला डॉक्टरांपुढे सांगायला लावू नये.