पाण्याचा हक्क आणि मताचा हक्क
(अभ्यासवर्गासाठी पाठ)

शाळेत दक्षिण आफ्रिकेचे नेते नेल्सन मंडेला यांच्याविषयी सांगू लागले की विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. काळ्या माणसाला वेगळे बाक, वेगळ्या वस्त्या, वेगळ्या शाळा ठेवणारे राज्य मंडेलांनी उलथून लोकशाही आणली. मग आपल्याकडे असा लढा झाला काय? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर महाडच्या चवदार तळ्यावर सापडते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जो लढा सुरू केला, त्याचा एक धागा पाण्याचा होता आणि दुसरा मताचा. हे दोन धागे एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. वेगळे ठेवणे म्हणजे काय?

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. १९५३ च्या एका कायद्याने तर सार्वजनिक सोयी वेगळ्या ठेवाव्यात आणि त्या सारख्या असण्याची गरज नाही, असेच ठरवून टाकले. अमेरिकेत १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले होते. ते शाळांच्या बाबतीत १९५४ साली त्याच न्यायालयाने मोडीत काढले. या दोन्ही देशांत भेदाला कायद्याचा उघड आधार होता.

आपल्याकडची गोष्ट निराळी होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ च्या जानेवारीत केला. म्हणजे ठराव दप्तरात होता आणि पाणी तळ्यात होते. दोहोंच्या मध्ये रूढी उभी होती. मुसलमान त्या तळ्याचे पाणी भरीत होते, गुरेढोरे पाणी पीत होती, अस्पृश्य मनुष्य मात्र काठावर जाऊ शकत नव्हता. कागदावरचा हक्क भोगल्यावाचून हक्क ठरत नाही, हा या लढ्याचा पहिला धडा होय.

२. महाडचा संग्राम

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. २० मार्चला हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी आवई उठविण्यात आली आणि जेवणाला बसलेल्या, घरी परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे तळे 'शुद्ध' करण्यासाठी पंचगव्य मिसळून १०८ घागरी पाणी त्यात ओतण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी लोक पुन्हा जमले, त्यापूर्वीच विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला. परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी सवर्ण माणसेही या लढ्यात होती. बाबासाहेबांचा लढा जातीच्या विषमतेशी होता, कोणा जातीत जन्मलेल्या माणसाशी नव्हता. त्याच भाषणात त्यांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९ साली फ्रान्समध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेशी केली. पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करावयाचे आहे, असा त्यांचा आशय होता.

३. दहा वर्षांचा दावा काय शिकवितो?

तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आपण या विजयाचा अभिमान बाळगतो, परंतु निकालाचे कारणही वाचले पाहिजे. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. याचा अर्थ उघड आहे. ती रूढी पुराव्याने सिद्ध झाली असती, तर त्या काळच्या कायद्याने तिला मान दिला असता! अस्पृश्यता हीच बेकायदा आहे असे न्यायालय म्हणाले नाही. तसे म्हणण्यास आधार देणारा कायदाच नव्हता.

म्हणून विहिरीमागून विहीर आणि तळ्यामागून तळे लढवून भागणार नव्हते. कायदा करणाऱ्या सभेत आपला मनुष्य बसला पाहिजे, हे ओघानेच आले.

४. मताचा हक्क

हे बाबासाहेबांना महाडपूर्वीच उमगले होते. २७ जानेवारी १९१९ रोजी साऊथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी मांडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. जो अडाणी आहे, निर्धन आहे, त्याला मत कशाला, असे मोठमोठे पुढारी तेव्हा म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे उलट होते: ज्याच्याजवळ दुसरे कोणतेही साधन नाही, त्यालाच मताची गरज सर्वांत अधिक आहे.

येथे एक शंका निघते. वेगळे ठेवण्याविरुद्ध लढणाऱ्या बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ का मागितले? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. तेथे काळे लोक बहुसंख्य होते. 'एक माणूस एक मत' मिळताच राज्य त्यांच्या हाती येणार होते आणि २७ वर्षांच्या तुरुंगवासातून १९९० साली सुटलेले मंडेला १९९४ च्या निवडणुकीनंतर राष्ट्राध्यक्ष झालेही. आपला मनुष्य मात्र गावोगाव विखुरलेला, प्रत्येक गावात अल्पसंख्य आणि पोटासाठी गावावर अवलंबून. नुसत्या मताने त्याचा प्रतिनिधी निवडून येणे कठीण होते. वेशीबाहेर ठेवणे हे दुसऱ्याने लादलेले वेगळेपण. स्वतंत्र मतदारसंघ हे दुबळ्याने स्वतःच्या रक्षणासाठी मागितलेले साधन. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या.

५. संविधानात महाड

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. संविधानाचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द आहेत. ते वाचताना ज्याला चवदार तळे आठवत नाही, त्याने तो अनुच्छेद पुन्हा वाचावा. अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. अमेरिकेत सार्वजनिक जागा खुल्या करणारा कायदा १९६४ साली आणि काळ्यांच्या मताचे रक्षण करणारा कायदा १९६५ साली झाला. आपल्याला दोन्ही हक्क २६ जानेवारी १९५० रोजी एकाच ग्रंथाने दिले. बाबासाहेबांची दृष्टी जगाकडेही होती. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता.

६. धम्म आणि लोकशाही

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. त्याच भाषणात त्यांनी भिक्खुसंघाची आठवण दिली. संघात ज्ञप्ती मांडली जाई, ठराव विचारला जाई, मतभेद झाल्यास शलाका वाटून मत घेतले जाई. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा मिळाली, म्हणून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. आनंदाने चांडाळकन्या प्रकृतीजवळ पाणी मागितले तेव्हा तिने आपली जात सांगितली. आनंद म्हणाला, मी पाणी मागितले, जात विचारली नाही. महाडच्या तळ्यावर जे नाकारले गेले ते धम्मात असे सहज होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तोच मार्ग आपल्याला दिला.

कायदा भिंत पाडू शकतो, पण शेजाऱ्याच्या मनात मैत्री निर्माण करू शकत नाही. ते काम धम्माचे आहे.

७. आपले कर्तव्य

बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले ते सोलापुरात. महाडच्या आधी दोन वर्षे बाबासाहेबांनी आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या हातात पुस्तक दिले, कारण हक्क भोगण्यासाठी आधी तो वाचता यावा लागतो. आज चिंचोळीच्या कारखान्यांत सर्व जातींचे कामगार एकाच यंत्रावर पाळी बदलतात. पाळी संपवून गावी परतल्यावर पाणवठा, स्मशान, पंगत आणि भाड्याची खोली यांतही ते एकत्र असतात काय? याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या गावाकडे पाहून प्रामाणिकपणे द्यावे. मत विकणाऱ्याने चवदार तळ्याचे पाणी विकले असे समजावे. आणि आपल्यातीलच पोटजातींच्या भिंती जपणाऱ्याने महाडचे नाव घेण्यापूर्वी विचार करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद आणि आपल्याकडील अस्पृश्यता यांत कायद्याच्या दृष्टीने कोणता फरक होता?
२. १९३७ च्या निकालानंतरही अनुच्छेद १७ ची गरज का उरली?
३. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी आणि वेगळे ठेवण्याला विरोध यांत विसंगती आहे काय?
४. संघातील मतदानाची पद्धत सांगून आपल्या विहाराचा कारभार तिच्याशी ताडून पाहा.

जयभीम!