विमानाची सफाई: १० मिनिटांचं काम, ४२ माणसांचा पगार



हाउसकीपिंगचा व्यवसाय म्हटलं की आपल्यासमोर सोसायटी, ऑफिस, फार तर हॉस्पिटल येतं. या वेळच्या व्हिडिओत मी मुद्दाम विमानाच्या केबिनची सफाई घेतली. विमानतळावर चार-पाच वर्षं हे काम केलेल्या माणसाच्या मनात एक दिवस येतंच, की एवढं सगळं आपल्याला येतं, मग ठेका आपणच का घेऊ नये? विचार चांगला आहे. पण या धंद्यात सफाई येणं वेगळं आणि सफाईचा भाव काढता येणं वेगळं. बुडणारे बहुतेक जण दुसऱ्या ठिकाणी बुडतात. व्हिडिओत आकडे घाईघाईत झाले, म्हणून इथे सावकाश लिहितो. कागद-पेन घेऊन बसा.

आधी काम समजून घेऊ. देशांतर्गत मार्गावर दिसणारं एअरबस ए३२० घ्या. एकाच वर्गाची मांडणी असेल तर साधारण १८० सीट, म्हणजे सहा-सहाच्या ३० रांगा. टॉयलेट बहुधा तीन, आणि पुढे-मागे एकेक गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर. विमान बेवर लागतं, चाकांना ठोकळे लागतात, इंजिन बंद होतं, वरचा-खालचा लाल दिवा विझतो. तोपर्यंत तुमची टीम जॅकेट घालून, कानात प्लग घालून बाजूला उभी. दिवा विझण्याआधी कोणी पुढे पाऊल टाकायचं नाही, कितीही घाई असो.

मग प्रवासी उतरतात. विमान पुन्हा उडायला समजा ३५ मिनिटं आहेत. उतरण्यात आठ-दहा मिनिटं जातात, पुढचं बोर्डिंग सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी सुरू होतं. मधे तुमच्या हातात उरतात जेमतेम १० मिनिटं. सहा जणांची टीम असेल तर चार जण रांगांवर, एक टॉयलेटवर, एक गॅली आणि मधल्या वाटेवर. चार जणांत ३० रांगा म्हणजे प्रत्येकी साडेसात. ६०० सेकंदांत साडेसात रांगा, म्हणजे रांगेला ८० सेकंद, सीटला १३. त्या १३ सेकंदांत समोरच्या कप्प्यातला कचरा काढायचा, ट्रे-टेबल उघडून पुसायचं, सीटवरचा चुरा झाडायचा, पट्टा नीट करून ठेवायचा. आणि कप्प्यात सुरक्षा-सूचनांचं कार्ड आहे ना, हेही बघायचं. बऱ्याच लो-कॉस्ट विमानांत उतरण्याआधी क्रू एकदा कचरा गोळा करतो, म्हणून हे जमतं. तरीही लहान मुलानं बिस्किटं चुरडलेली एक रांग आली की हिशोब कोलमडतो.

याला ट्रान्झिट क्लीनिंग म्हणतात. रात्री मुक्कामाला राहिलेल्या विमानाची सफाई वेगळी, तिला काही तास मिळतात. कार्पेट, सीटखालचा भाग, भिंतींचे पॅनेल, ओव्हरहेड कप्पे असं सगळं नीट करता येतं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

केमिकलबद्दल एक गोष्ट. आपल्या गोडाऊनमध्ये आहे ते फिनाईल किंवा ॲसिड इथे चालत नाही. विमानात ॲल्युमिनियम आहे, ते गंजतं. चुकीच्या द्रावणानं खिडकीच्या आतल्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. म्हणून विमान बनवणाऱ्या कंपनीनं आणि एअरलाइननं मान्य केलेलं द्रव्यच वापरायचं. त्याचा भाव बाजारातल्या भावापेक्षा वेगळा असतो, कोटेशन करताना तो आधी विचारा. टॉयलेटचं फडकं आणि ट्रे-टेबलचं फडकं वेगळ्या रंगाचं, हे सांगायलाच नको.

आता भाव काढू.

समजा तुम्हाला दिवसाला २० विमानांचं काम मिळतंय. नवा माणूस काय करतो? १० मिनिटं सफाई, १० मिनिटं चालणं, म्हणजे विमानाला २० मिनिटं. तासाला तीन, आठ तासांत २४. ‘एक टीम पुरते की!’ सकाळी सहा, संध्याकाळी सहा, साप्ताहिक सुट्टीचे दोन जास्त, झाले १४ जण. या १४ जणांच्या पगारावर तो रेट देतो, आणि ठेका त्यालाच मिळतो, कारण सगळ्यात स्वस्त तोच असतो.

पण २० विमानं दिवसभर एकसारखी येत नाहीत हो. सकाळी झुंबड, दुपारी शांत, संध्याकाळी पुन्हा झुंबड. सहा ते सात या एका तासात पाच विमानं आली आणि त्यातली तीन एकाच वेळी उभी राहिली, तर तीन टीम लागतात. त्यात टीमला विमान येण्याआधी बेवर उभं राहावं लागतं, मग सफाई, मग कचरा टाकून पुढचा बे गाठायचा. एक फेरी धरा ४० मिनिटांची. म्हणजे सकाळी १८ माणसं, संध्याकाळी १८, एकूण ३६. प्रत्येकाला आठवड्यातून एक सुट्टी, म्हणून सातास सहाचा हिशोब लावा: ३६ गुणिले ७ भागिले ६. झाले ४२. आजारपण आणि गावाकडची जत्रा यात धरलेलीच नाही.

दुपारी यातले निम्मे बसून राहतील आणि तुमचा जीव वरखाली होईल. होऊ दे. तुम्ही सफाई विकत नाही आहात, सकाळी सहा वाजता हजर असलेली १८ माणसं विकताय.

बरं, एखादा सोडून गेला तर नाक्यावरून दुसरा आणू, असं इथे होत नाही. विमानापर्यंत जायला विमानतळ प्रवेश पास लागतो. तो ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीच्या, म्हणजे बीसीएएसच्या व्यवस्थेतून मिळतो. पोलिसांकडून पडताळणी, सुरक्षेचं प्रशिक्षण, मग पास. गेटवर सीआयएसएफचा जवान पास बघूनच आत सोडतो. यात आठवडे जातात. म्हणून पास असलेला, काम येणारा माणूस हीच या धंद्यातली खरी मालमत्ता, व्हॅक्यूम मशीन नाही. महिन्याला पाचशे रुपये वाचवायला त्याला नाराज करणारा ठेकेदार हिशोबात कच्चा आहे, असं माझं स्पष्ट मत.

पगार उदाहरणासाठी २०,००० रुपये धरू (प्रत्यक्षात तुमच्या जागेचं किमान वेतन बघा). मालकाच्या बाजूचा पीएफ आणि त्याचे चार्जेस मिळून १३ टक्के, म्हणजे २,६००. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ६५०. बोनस ८.३३ टक्क्यांनी सुमारे १,६६६. इथपर्यंत २४,९१६ झाले. युनिफॉर्म, बूट, भरपगारी रजा, रात्रीची ने-आण धरून २६,५०० म्हणा. गुणिले ४२, म्हणजे महिन्याला ११ लाख १३ हजार. सुपरवायझर आणि केमिकल अजून बाहेरच आहे. समजा तुम्ही साडेबारा लाखांचं बिल लावता.

आता तारखा लिहा. जानेवारीचं काम झालं. पगार ७ फेब्रुवारीच्या आत. बिल गेलं ५ फेब्रुवारीला. करारात ४५ दिवस असतील तर पैसे येणार २२ मार्चला. त्याआधी ७ मार्चला फेब्रुवारीचा पगार आलाच. आणि बिलावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वादोन लाख, २० मार्चला तुमच्या खिशातून भरायचा. गिऱ्हाइकानं दिला की नाही, हे सरकार विचारत नाही. बेरीज करा: साडेचोवीस लाख बाहेर, आत अजून एक रुपया नाही. जे येतील त्यातून टीडीएस कापला जाईल तो वेगळा. पैसे ६० दिवसांवर गेले तर ७ एप्रिलला तिसरा पगार उभा. ‘काम भरपूर आहे पण पैसे नाहीत’ असं म्हणणारे ठेकेदार तुम्हीही बघितले असतील. त्यांचा तोटा बहुतेक वेळा या तारखांमध्ये असतो.

उद्यम नोंदणी केली असेल तर एमएसएमई कायदा, २००६ तुमच्या बाजूनं आहे. करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. कागदावर हे भक्कम आहे. पण एकच मोठं गिऱ्हाईक असलेला छोटा माणूस त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कचरतो, हेही खरं. त्यामुळे कायद्यापेक्षा हातातली रोकड किंवा बँकेची मर्यादा आधी बघा.

सही करण्याआधी तीन गोष्टी मागा. महिन्याला किमान इतक्या विमानांचे पैसे मिळतीलच, ही हमी. विमान उशिरा आलं आणि टीम थांबली तर त्याचा दर. पावसाळ्यात मुंबईत हे काय प्रकरण असतं ते तिथल्यांना सांगायला नको, ओव्हरटाइम तर दुप्पट दरानं द्यावा लागतो. तिसरी गोष्ट उशिराच्या दंडाची. विमान उशिरा सुटलं की त्याचं कारण ठरलेल्या कोडनं नोंदवतात, आणि सफाईमुळे झालेल्या उशिराचा आयाटाचा कोड आहे ३५. इंधनाचा, सामानाचा कोड वेगळा. सगळ्यांचीच घाई असताना ३५ तुमच्या नावावर पडू नये म्हणून केबिन ताब्यात आली ती वेळ आणि तुम्ही बाहेर पडलात ती वेळ, दोन्ही प्रत्येक विमानाला लिहून सही घ्या. दर वेळी. सही नसेल तर वाद घालायला तुमच्याकडे काही नाही.

मग सुरुवात कुठून? थेट एअरलाइनच्या ट्रान्झिट कामाला हात घालू नका. ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या एजन्सीकडे रात्रीच्या मुक्कामी विमानांच्या सफाईचं काम मिळतं का बघा. विमानं किती आणि कधी, हे बऱ्यापैकी आधी कळतं. झुंबड नसते, माणसं नेमकी लावता येतात. दर कमी दिसला तरी पैसे उरण्याची शक्यता तिथे जास्त.

विमानतळ लांब असेल तर हेच गणित ट्रॅव्हल्सच्या बसला लागू होतं. पुणे-नागपूर स्लीपर सकाळी पोचते, संध्याकाळी परत निघते, मधे चादरी, पडदे, कप्पे, काचा. पास लागत नाही, बीसीएएस नाही, उधारी मात्र इथेही असते. या आठवड्याचा अभ्यास हा: तुमच्या गावातल्या ट्रॅव्हल्सच्या पार्किंगमध्ये तीन दिवस जा, प्रत्येक बस कधी येते आणि कधी निघते ते वहीत लिहा, आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती बस उभ्या होत्या तो आकडा काढा. कोटेशन त्या आकड्यापासून सुरू करायचं. पुढच्या व्हिडिओत त्याच वहीवरून रेट कसा बसवायचा ते बघू.