वजनकाटा आणि वाढते वय

चंद्रपूर जिल्ह्यातील मूल हा धानाचा मुलूख. एकाच दिवशी रोवणी झालेल्या बांधीतही काही रोपे लवकर वाढतात, काही सावकाश. मुलांच्या शरीराचेही तसेच आहे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन विद्यार्थ्यांची उंची व वजन मोजते. त्या दिवशी मुले एकमेकांचे आकडे विचारतात. कोणाला 'लठ्ठ' म्हणून हिणवले जाते, कोणाला 'काडीपैलवान' म्हणून. हे अज्ञानाचे लक्षण होय. केवळ वजनावरून आरोग्य कळत नाही. त्याच्या जोडीला वय व उंचीही पाहावी लागते. मुलींची झपाट्याची वाढ साधारणपणे मुलांच्या दोन वर्षे आधी सुरू होते. या काळात वजन वाढणे स्वाभाविकच आहे.

सडपातळ दिसावे म्हणून या वयात जेवण टाळणे म्हणजे ऐन धान निसवताना बांधीचे पाणी तोडणे होय. त्याने हाडांची व स्नायूंची वाढ खुंटते. नुसत्या भातानेही भागत नाही. ताटात तुरीचे वरण, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी, तलावातील मासे अथवा अंडे असावे. गोड पेये व तळलेले पदार्थ क्वचितच घ्यावेत. रोज तासभर तरी खेळावे, सायकल चालवावी, घरकामास हात लावावा आणि पुरेशी झोप घ्यावी.

वजन फार कमी अथवा जास्त वाटल्यास मनाने उपवास न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काटा शरीराचे वजन सांगतो. माणसाची योग्यता सांगत नाही.