वस्तुसंग्रहालयातील इस्पितळ

मुंबईस सहलीला गेलेली मुले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिल्याखेरीज सहसा परतत नाहीत. कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून बांधलेली ही वास्तू जॉर्ज विटेट या स्थापत्यविशारदाने योजिली. तिचा घुमट पाहून विजापूरच्या गोलघुमटाची आठवण होते. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडच्या युवराजाने तिची कोनशिला बसविली व १९१४ साली बांधकाम पुरे झाले. परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि जेथे मूर्ती व चित्रे मांडावयाची, तेथे लष्करी इस्पितळाच्या खाटा आल्या.

मुंबई हे मोठे बंदर. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, घायाळ झालेले हिंदी शिपाई बसऱ्याहून जहाजांनी येथे येत. त्या रणांगणावर लढणाऱ्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अशा पलटणींत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील शेतकऱ्यांची मुले भरती होत. डोंगरदऱ्यांत वाढलेल्या या तरुणांच्या वाट्याला तेथे सपाट, रुक्ष मैदान आले.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे घनघोर लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचे सुमारे साडेचार हजार लोक तीत मेले वा जखमी झाले. लढाईचे नकाशे बारकाईने आखणाऱ्यांनी जखमींना मागे कसे आणावयाचे याचा मात्र फारसा विचार केला नव्हता! मोडलेल्या हातापायांनिशी शिपायांना धक्के खात गाड्यांतून नदीकाठी आणले गेले. तेथून त्यांना दाटीवाटीने बोटींवर चढविले. त्यांपैकी एका बोटीस बसऱ्यास पोचावयास तेरा दिवस लागले. जखमा धुतल्या गेल्या नव्हत्या, पट्ट्या बदलल्या गेल्या नव्हत्या. पुष्कळांच्या जखमा सडल्या होत्या.

बसऱ्याच्या बंदरात एका इस्पितळ-जहाजावर मेजर कार्टर हे डॉक्टर होते. त्यांनी ती बोट येताना पाहिली आणि जे पाहिले ते जसेच्या तसे वरिष्ठांस लिहून कळविले. वरिष्ठ संतापले, त्यांनी कार्टर यांनाच शिक्षेची धमकी दिली. तरी ते आपल्या शब्दापासून ढळले नाहीत. अखेर १९१६ साली चौकशी-मंडळ नेमले गेले. त्याचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध होताच विलायतेत एवढी खळबळ उडाली की, भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर औषधपाण्याची व वाहतुकीची व्यवस्था पुष्कळ सुधारली होती.

पुणे डिव्हिजनला मात्र या सुधारणेचा लाभ झाला नाही. कूट येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. तिच्यातील कितीतरी शिपाई कैदेत मरण पावले. मुंबईचा किनारा त्यांना पुन्हा दिसला नाही.

युद्ध संपले, खाटा हलल्या. १९२० साली इमारत संग्रहालयाच्या मंडळाकडे आली आणि १० जानेवारी १९२२ रोजी तिची दारे लोकांसाठी उघडली.