जनाबाईचे जाते आणि आपल्या लेकी

भाविक वारकरी हो, या महिन्याच्या पाठासाठी संत जनाबाईचे चरित्र घेतले आहे. त्यातून दोन गोष्टी पाहावयाच्या : दारिद्र्यातून वर येणे म्हणजे काय, आणि प्रेम कोणाचे खरे मानावे.

जनाबाई गंगाखेडची. आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेने, अंबड-घनसावंगीच्या अंगाने जी गोदामाई वाहते, तिच्याच काठी पुढे परभणी जिल्ह्यात हे गाव आहे. परंपरा सांगते की गरीब बापाने पोर पंढरीस आणून दामाशेटींच्या घरी ठेवली. दळण, कांडण, शेणी वेचणे हा तिचा नित्यक्रम. नामदेवरायांनी शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० साली समाधी घेतली. त्याच काळातली ही बाई.

आता कोणी शंका घेईल, 'जनी शेवटपर्यंत दासीच राहिली, मग वर आली कशी?' उत्तर असे, की दारिद्र्य दोन प्रकारचे. एक धनाचे, दुसरे मानाचे. जनीने दुसरे मोडले. अभंगाच्या शेवटी तिने स्वतःचे नाव घातले, आणि पावणेसातशे वर्षे झाली तरी ते नाव पुसले नाही. परंतु 'मग लेकीने गरिबीतच राहावे' असा उलटा अर्थ कोणी काढू नये. संतांनी दैन्य सोसले, पण दुसऱ्यावर लादले नाही.

दुसरी गोष्ट प्रेमाची. विठ्ठलाने जनीला दागिने घातले नाहीत. तो जात्यापाशी बसला, खुंट्याला हात लावला. गोपाळपुरी ते जाते भाविक आजही पाहतात. प्रेमाचे लक्षण हेच, की जो ओझ्याला हात लावतो तो आपला. आणि हा सखा जनीने आपल्या मनाने निवडला, तो कोणी तिच्या गळ्यात बांधला नव्हता.

आता हा सिद्धांत घरी आणू. दिवाळी सरली की आपल्याकडची कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोर मागे ठेवावी तर सांभाळणार कोण, आणि जोडी लागली तर उचल मिळते, म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षीच लग्न उरकतात. आईबापाची भीती खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे. कोवळ्या वयात बाळंतपण आणि फडातली मोळी एकदमच डोक्यावर आली, तर त्या पोरीने वर यावे कधी?

बाबांनो, दुसरी वाट आहे. २००६ च्या कायद्याने मुलगी अठरा वर्षांची झाल्याशिवाय लग्न करता येत नाही. हुंडा तर १९६१ सालीच गुन्हा ठरला. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली निघाली, तीत जालना जिल्हा आहे. ज्यांचे नाव वसतिगृहाला, ते बाबा स्वतः कीर्तनकार होते, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा माळकऱ्याने तीन नेम धरावे. अल्पवयीन मुलीच्या लग्नात अक्षता टाकू नयेत. सप्ताहाला जमल्यावर गावातल्या कोणत्या पोरीची शाळा सुटली, ते विचारावे. आणि सोयरीक जुळवताना मुलाची जमीन किती, याआधी तो घरच्या कामाला हात लावतो का, ते पाहावे; आणि मुलीला तो पसंत आहे का, हे तिलाच विचारावे.

जनीचे जाते पाहून नमस्कार सगळेच करतात. घरातल्या जनीच्या खुंट्याला हात लावील, तोच त्या दर्शनाचे फळ घेईल.

रामकृष्णहरी.